एडीएचडीचं निदान कसं होतं? मुलांचं आणि मोठ्यांचंही

अवधानरेखा:

'मुलगा एका जागी बसत नाही, एडीएचडी असेल का?' आणि 'ऑनलाइन चाचणीत २४ पैकी १९ आले, म्हणजे मला आहेच ना?' हे दोन प्रश्न इथे वेगवेगळ्या धाग्यांवर सारखे येतात. (एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं आणि चंचलता-उतावीळपणा यांचा लहानपणी सुरू होणारा त्रास.) उत्तरं विखुरलेली आहेत, म्हणून एका जागी लिहितेय. या क्षेत्रातल्या बाकीच्यांनी भर घालावी, माझं चुकलं तर दुरुस्त करावं. औषधोपचारांसाठी वेगळा धागा काढू, इथे फक्त निदान.

रक्ताची तपासणी, एमआरआय, सीटी स्कॅन यांतल्या कशातच एडीएचडी दिसत नाही. निदान होतं ते माहितीवरून: कोणी पाहिलं, कुठे पाहिलं, किती दिवस पाहिलं आणि त्यामुळे काय अडलं. म्हणून तपासणारा कितीही अनुभवी असला तरी तुम्ही सोबत काय घेऊन जाता यावर खूप काही ठरतं.

निकषांची पुस्तकं दोन. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनचं डीएसएम-५ (२०१३, सुधारित आवृत्ती २०२२) आणि जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-११ (२०२२ पासून लागू). डीएसएममध्ये १८ लक्षणं आहेत, ९ लक्ष न टिकण्याची आणि ९ चंचलता-उतावीळपणाची. १६ वर्षांपर्यंत दोन्हींपैकी किमान एका गटातली ६ लागतात, १७ पूर्ण झाल्यावर ५ पुरतात. ती निदान ६ महिने दिसलेली हवीत, आणि त्या वयाच्या मानाने जास्त हवीत. १२व्या वर्षाच्या आत सुरुवात झालेली हवी. घर, शाळा, नोकरी, नातेवाईक अशा किमान दोन ठिकाणी ती दिसायला हवीत. त्यांच्यामुळे अभ्यासाचं, कामाचं किंवा नात्यांचं खरोखर नुकसान होत असायला हवं. आणि शेवटचं म्हणजे, दुसरं एखादं कारण हे सगळं जास्त नीट समजावून देत असेल तर एडीएचडी म्हणायचं नाही.

यातली लक्षणं मोजण्याचं काम सगळे करतात. गाळलं जातं ते पुढचं: सुरुवात कधी झाली, दुसऱ्या ठिकाणी काय दिसतं, दुसरं कारण आहे का. चुकीची निदानं बहुतेक तिथेच होतात.

गोदाकाठ:

उत्तम धागा. दोन प्रश्न. ती १८ लक्षणं सोप्या मराठीत सांगाल का? आणि प्रत्येक लक्षणापुढे 'बऱ्याचदा' असं लिहिलेलं असतं, ते बऱ्याचदा म्हणजे किती?

अवधानरेखा:

पहिला गट: बारीकसारीक चुका (बेरजेचं वजाबाकी वाचणं, हातचा विसरणं), एका कामात लक्ष न टिकणं, समोर बोललेलं कानावरून जाणं, हातात घेतलेलं काम अर्धवट सोडणं, वस्तू आणि वेळ यांची घडी न बसणं, डोकं लावून बसावं लागेल अशी कामं टाळणं, वस्तू हरवणं, जरा कुठे खुट्ट झालं की लक्ष उडणं, रोजच्या गोष्टी विसरणं.

दुसरा गट: हातापायांची चुळबूळ, बसायचं तिथून उठणं, नको तिथे पळणं-चढणं (मोठ्यांत हे आतल्या अस्वस्थतेच्या रूपात दिसतं), शांतपणे खेळता न येणं, चावी दिल्यासारखं सतत चालू असणं, अतिबोलणं, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणं, रांगेत किंवा पाळीसाठी थांबता न येणं, दुसऱ्याच्या बोलण्यात-खेळण्यात घुसणं.

फक्त पहिला गट भरला तर लक्ष न टिकण्याचा प्रकार, फक्त दुसरा भरला तर चंचलतेचा, दोन्ही भरले तर मिश्र. हा शिक्का कायमचा नसतो. मिश्र प्रकारातलं मूल कॉलेजात जाईतो पळापळ ओसरलेली असते आणि विसरभोळेपणा तेवढा उरतो.

'बऱ्याचदा'ला पुस्तकात आकडा दिलेला नाही. तो आकडा तुम्ही आणायचा. 'वस्तू हरवतो' एवढंच सांगितलं तर तपासणाऱ्याला काहीच कळत नाही. 'शाळेच्या गेल्या १० दिवसांत ४ दिवस वही घरी राहिली, ३ दिवस डबा वर्गात, एकदा दप्तरच रिक्षात' असं सांगितलं की कळतं. दोन आठवडे साधी वही ठेवा. तारीख, वेळ, काय चाललं होतं, काय झालं, कोणी किती वेळा आठवण केली. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. सात वर्षांच्या मुलाला आंघोळ, कपडे, दप्तर एवढ्यासाठी दोन-तीनदा सांगावं लागणं नेहमीचं आहे. रोज प्रत्येक पायरीला शेजारी उभं राहावं लागत असेल, तर त्याची नोंद हवी.

सांजसावली:

मूल मोबाइलवर दोन तास हलत नाही. मग लक्ष टिकत नाही असं कसं म्हणायचं?

अवधानरेखा:

एडीएचडीत लक्ष 'नसतं' असं नाही, हवं तिथे आणि हवं तितका वेळ लावता येत नाही. गेममध्ये दर काही सेकंदांनी आवाज, रंग, बक्षीस मिळतं. पाढे लिहिताना काहीच मिळत नाही. म्हणून खेळातलं लक्ष पाहून एडीएचडी नाही असं ठरत नाही, आहे असंही ठरत नाही. विचारायचं ते कंटाळवाण्या पण आवश्यक कामांबद्दल.

तसंच डॉक्टरांच्या खोलीत मूल शांत बसलं म्हणूनही निदान फेटाळता येत नाही. नवी जागा, अनोळखी माणूस, सगळं लक्ष त्याच्याकडे. अशा २० मिनिटांत बरीच मुलं छान बसतात.

खडूफळा:

शिक्षकांच्या बाजूने लिहिते. दोन ठिकाणांपैकी दुसरं ठिकाण म्हणजे बहुतेक वेळा शाळा, आणि शाळेचा फॉर्म (शिक्षकांनी भरायची लक्षणांची प्रश्नावली) हाच सगळ्यात निष्काळजीपणे भरला जातो.

पहिली चूक, जूनमध्ये फॉर्म देणं. शाळा उघडून तीन आठवडे झालेत, वर्गात ५५ मुलं, नावंही पाठ नाहीत. वर्गशिक्षिकेने मुलाला निदान दोन-तीन महिने पाहिलेलं असावं. जून-जुलैत फॉर्म हवाच असेल तर मागच्या वर्षीच्या बाईंकडून भरून घ्या. दुसरी चूक, पालकांनी समोर बसून भरून घेणं. बाईंना अवघडल्यासारखं होतं आणि सगळीकडे 'कधीकधी'वर खूण होते. बंद पाकिटात मागवा. तिसरी, ट्यूशनच्या शिक्षकांचा फॉर्म शाळेऐवजी लावणं. तिथे चार-पाच मुलं असतात, बाई शेजारी असतात. तो जादा माहिती म्हणून ठेवा, शाळेचा पर्याय म्हणून नको.

आणखी एक गोष्ट पालकांनी आवर्जून सांगावी: मुलाची जन्मतारीख आणि वर्गातलं वयाचं स्थान. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण हा हिशेब धरतात. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल जूनमध्ये साडेपाच वर्षांचंच असतं आणि त्याच बाकावर शेजारी साडेसहा वर्षांचं मूल बसलेलं असतं. त्या वयात एक वर्ष म्हणजे केवढं अंतर! वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांवर एडीएचडीचा शिक्का जास्त बसतो हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. बाई तुलना वर्गाशी करतात. ती वयाशी व्हायला हवी.

मुलींबद्दलही. मागच्या बाकावर खिडकीबाहेर बघत बसणारी, वही नीटनेटकी पण उत्तर अर्धं, कुणाला त्रास न देणारी मुलगी आम्हा शिक्षकांच्या यादीत येतच नाही. 'स्वप्नाळू आहे' म्हणून सोडून देतात. लक्ष न टिकण्याचा प्रकार असाच वर्षानुवर्षं निसटतो.

स्टेथो:

+१. बालरोगतज्ज्ञाकडे आधी काय काय पाहून घ्यायचं ते सांगतो. प्रश्नावलीकडे वळण्याआधीच हे व्हायला हवं.

कान आणि डोळे. सर्दी वारंवार होणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, ऐकू कमी येतं, आणि 'हाक मारली तरी ऐकत नाही' ही तक्रार सुरू होते. ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावर ऐकण्याची तपासणी, करून घ्या, नुसती टाळी वाजवून कळत नाही. चष्म्याचा नंबरही तसाच. फळ्यावरचं दिसलं नाही की मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं.

झोप. ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास लागतात. मूल घोरतं का, तोंड उघडं ठेवून झोपतं का, झोपेत मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का, हे विचारतो. ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) आणि टॉन्सिल्स वाढलेल्या मुलांची झोप रात्रभर तुटते. अर्धवट झोप झालेला मोठा माणूस पेंगतो, लहान मूल उलट जास्त उड्या मारतं. रात्री दहा मिनिटांचा व्हिडिओ काढून आणलात तर अर्धं काम होतं.

फिट्स. हे नीट समजून घ्या, कारण हा प्रकार हमखास निसटतो. मूल बोलता बोलता किंवा लिहिता लिहिता अचानक थांबतं, नजर शून्यात, पापण्या किंचित फडफडतात, ५ ते १५ सेकंदांनी जिथे सोडलं तिथून पुन्हा सुरू. पडत नाही, ओरडत नाही. ही ॲबसन्स प्रकारची फिट असू शकते. तंद्रीत हरवलेलं मूल हाताला हात लावला, नावाने मोठ्याने हाक मारली की भानावर येतं. फिटमध्ये हात लावूनही येत नाही, आणि मधलं वाक्य त्याला आठवत नाही. तपासताना आम्ही मुलाला तीनेक मिनिटं जोरजोरात फुंकायला लावतो, बऱ्याचदा तिथेच फिट दिसते. शंका आली तर ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख. ईईजी एवढ्यासाठीच, एडीएचडी 'पाहायला' नाही.

बाकी: हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाची कमतरता आपल्याकडे भरपूर), लक्षणं असतील तरच थायरॉइड, आणि चालू औषधं. फिट्ससाठी दिलेल्या फेनोबार्बिटोनने काही मुलं कमालीची चंचल होतात. जन्माचा इतिहासही लागतो: किती आठवड्यांचं, वजन किती, काचेच्या पेटीत होतं का. डिस्चार्ज कार्ड सापडलं तर आणा.

गोदाकाठ:

फॉर्म म्हणजे नेमका कुठला? आणि गुण कसे धरतात?

अवधानरेखा:

६ ते १२ वयासाठी व्हँडरबिल्ट नावाची प्रश्नावली खूप वापरतात. पालकांच्या फॉर्ममध्ये ५५ प्रश्न, शिक्षकांच्या फॉर्ममध्ये ४३. याशिवाय कॉनर्स, स्नॅप-४ या प्रश्नावल्याही चालतात. आपल्याकडे ६ ते ९ वयाच्या मुलांसाठी इनक्लेन या संशोधन संस्थेने भारतातच तयार केलेलं निदानसाधनही आहे. त्यात प्रशिक्षित व्यक्ती पालकांना प्रश्न विचारते, मुलाकडे पाहते आणि स्वतः भरते. पालकांना फॉर्म वाचून भरणं जड जात असेल तर ही पद्धत कितीतरी बरी.

व्हँडरबिल्टमध्ये उत्तरं चार: कधीच नाही ०, कधीकधी १, बऱ्याचदा २, अगदी नेहमी ३. पहिले ९ प्रश्न लक्षाचे, १० ते १८ चंचलतेचे. इथे लोक बेरीज करतात, आणि ती चूक आहे. २ किंवा ३ आलेली उत्तरं मोजायची असतात.

एक नमुना घ्या. एका मुलाची पहिली ९ उत्तरं: २, १, २, ३, १, २, २, १, २. बेरीज १६, पण २ किंवा ३ आलेली उत्तरं ६. निकष भरला. दुसऱ्या मुलाची: ३, ३, ३, ३, ३, १, १, १, १. बेरीज १९, आधीच्यापेक्षा जास्त. पण २ किंवा ३ आलेली फक्त ५. निकष भरला नाही. म्हणून 'गुण जास्त आले' याला अर्थ नाही. (दुसऱ्या मुलाला घरी पाठवायचं असाही याचा अर्थ नाही. पाच लक्षणं टोकाची असतील तर बाकी चारांबद्दल खोदून विचारावं लागतं.)

त्यानंतर शेवटचे ८ प्रश्न पाहतात: वाचन, लेखन, गणित, आईवडिलांशी, भावंडांशी, मित्रांशी कसं जमतं वगैरे. त्यात १ म्हणजे उत्तम, ५ म्हणजे अडचण. किमान एका ठिकाणी ४ किंवा ५ हवा. लक्षणं भरली आणि इथे सगळे ३ आले, म्हणजे नुकसान दिसत नाही, तर फॉर्म एडीएचडीकडे बोट दाखवत नाही. मधल्या प्रश्नांत उद्धटपणा-विरोध, वर्तनसमस्या, चिंता-उदासी यांची चाचपणी असते. ते गाळू नका, बरोबरीने असलेले त्रास तिथेच हाती लागतात.

आणि घरच्या फॉर्मवर निकष भरला, शाळेच्या फॉर्मवर नाही, असं झालं तर? लगेच कुणाला खोटं ठरवू नये. शाळेत शिस्त कडक असेल, मूल दिवसभर स्वतःला धरून ठेवत असेल आणि घरी आल्यावर सुटत असेल. किंवा घरातच काही ताण असेल. उलटं झालं, शाळेतच लक्षणं आणि घरी काही नाही, तर वाचन-लेखनाच्या अडचणीचा किंवा वर्गातल्या छळाचा विचार आधी करावा लागतो. अशा वेळी शाळेला फोन करून बाईंशी बोलणं दहा फॉर्मपेक्षा उपयोगी.

कोकणकडा:

एका ठिकाणी 'ब्रेन मॅपिंग' करून एडीएचडी आहे की नाही ते नक्की सांगतो म्हणाले. रंगीत चित्रांचा रिपोर्ट देतात. घ्यावं का? आणि संगणकावरची लक्ष मोजायची चाचणी?

माळरान:

मानसोपचाराच्या बाजूने उत्तर देतो. ब्रेन मॅपिंग म्हणजे क्यूईईजी, मेंदूच्या लहरींचं गणित. अमेरिकेत औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीएने २०१३ मध्ये लहरींचं गुणोत्तर मोजणाऱ्या एका यंत्राला मान्यता दिली, पण ती डॉक्टरांच्या तपासणीला जोड म्हणून. एकट्या त्या आकड्यावर निदान करायचं नाही. एडीएचडी असलेल्या कितीतरी जणांचं गुणोत्तर नेहमीसारखं असतं आणि नसलेल्यांचं वाढलेलं असतं. निदानासाठी त्यावर पैसे घालू नका.

संगणकावरच्या चाचणीत पडद्यावर अक्षरं येत जातात, ठरावीक अक्षर आलं की बटण दाबायचं किंवा दाबायचं नाही. १५-२० मिनिटं चालते. किती सुटली, किती घाई झाली, वेग किती खालीवर झाला ते मोजतात. शांत खोलीत, नव्या यंत्रासमोर एडीएचडी असलेलं मूलही चांगली करू शकतं; चिंता असलेलं किंवा झोप न झालेलं मूल वाईट करतं. पुरावा म्हणून जोडायला हरकत नाही, निकाल म्हणून नको.

'गोळी देऊन बघू, फरक पडला तर एडीएचडी' हे तर मुळीच नको. एडीएचडीवर देतात त्या मिथाइलफेनिडेटने एडीएचडी नसलेल्यांचंही लक्ष काही वेळ बरं टिकू शकतं. फरक पडला याने निदान सिद्ध होत नाही, आणि नाही पडला तर खोटंही ठरत नाही.

सांजसावली:

शाळेने आयक्यू टेस्ट करून आणायला सांगितलं की काय करायचं? आणि दहावीला सवलत मिळते का?

अवधानरेखा:

एडीएचडीच्या निदानाला आयक्यू लागतच नाही. पण अभ्यासात मूल मागे असेल तर दोन गोष्टी वेगळ्या काढायला चाचण्या लागतात: बौद्धिक क्षमता कमी आहे का, आणि वाचन-लेखन-गणिताची विशिष्ट अक्षमता आहे का. आपल्याकडे मॅलिनची भारतीय मुलांसाठीची बुद्धिमापन चाचणी, बिने-कामत, किंवा वेश्लरची भारतीय आवृत्ती वापरतात. अध्ययन अक्षमतेसाठी बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेचा चाचणीसंच आहे, आणि मराठी माध्यमाच्या मुलांना मराठीतूनच तपासता यावं म्हणून डाली नावाचं साधन आहे. मराठी माध्यमाच्या मुलाचं वाचन इंग्रजी उताऱ्यावर तपासलेला रिपोर्ट स्वीकारू नका. त्यातून अक्षमता कळत नाही, इंग्रजी किती येतं तेवढंच कळतं.

सवलतींबद्दल स्पष्ट सांगते, कारण इथे पालकांची फार धावपळ होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आहे, स्वमग्नता आहे. एडीएचडी स्वतंत्र प्रकार म्हणून नाही. त्यामुळे नुसत्या एडीएचडीच्या कागदावर दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल असं धरून चालू नका. पण एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांना अध्ययन अक्षमताही असते, म्हणून तिची तपासणी सोबतच करून घ्यावी. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ते प्रमाणपत्र ८ वर्षांनंतर देत, १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी असे; सध्याचा नियम रुग्णालयात विचारून घ्या. मुंबईत सायन आणि नायर रुग्णालयांत हे काम बरीच वर्षं चालतं. नंबर लागायला वेळ लागतो, तेव्हा नववीच्या शेवटी जाग येऊ देऊ नका.

रानवाट:

चार वर्षांचं मूल असेल तर? बालवाडीतून तक्रार आली की लगेच तपासायचं?

स्टेथो:

तपासायला या, पण शिक्का लगेच मागू नका. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सची २०१९ ची मार्गदर्शिका ४ वर्षांपासून मूल्यमापन करा म्हणते, पण ४ ते ६ वयात पहिला उपाय म्हणून पालकांना वर्तन हाताळण्याचं प्रशिक्षण सांगते. त्याचा निदानालाही फायदा होतो. ठरलेला दिनक्रम, छोट्या सूचना, चांगल्या वागण्याची लगेच दखल, हे तीन-चार महिने नीट केल्यावर जे उरतं ते पाहून निदान जास्त खात्रीने करता येतं. या वयात बोलायला उशीर, नजरेला नजर न देणं, एकाच वस्तूशी तासन्‌तास खेळणं असं काही असेल तर स्वमग्नतेची तपासणी आधी. पूर्वीच्या डीएसएममध्ये स्वमग्नता आणि एडीएचडी ही निदानं एकत्र देता येत नसत, २०१३ पासून येतात.

दुपारचाचहा:

आता मोठ्यांचं सांगा. ३५-४० व्या वर्षी निदान होऊ शकतं?

माळरान:

होतं. पण काम जास्त चिकाटीचं आहे, कारण २५-३० वर्षांपूर्वीचा पुरावा शोधायचा असतो.

आधी ती ऑनलाइन चाचणी. जागतिक आरोग्य संघटनेची एएसआरएस ही १८ प्रश्नांची. त्यातले पहिले ६ चाळणीचे. पहिल्या तीन प्रश्नांना (काम शेवटी पुरं करणं, कामांची मांडणी, ठरलेल्या भेटी विसरणं) 'कधीकधी'पासून पुढचं उत्तर धरतात. पुढच्या तिघांना (डोकं लावायचं काम टाळणं, बसल्या जागी चुळबूळ, इंजिन लावल्यासारखं चालू राहणं) 'बऱ्याचदा'पासून पुढचं. सहांपैकी ४ भरली तर पुढे तपासा, इतकाच तिचा अर्थ. चाळणीत राहिलं ते सगळं धान्यच असतं असं नाही. चिंता, नैराश्य, अपुरी झोप असलेले कितीतरी जण ही चाळणी भरतात.

खरं निदान मुलाखतीत होतं. डिव्हा-५ नावाची रचलेली मुलाखत आहे. १८ ही लक्षणं प्रत्येकी दोनदा विचारतात, आता कसं आणि लहानपणी कसं, दर वेळी उदाहरण मागतात. दीड-दोन तास जातात. पहिल्याच भेटीत १५ मिनिटांत 'हो, एडीएचडी' सांगितलं तर दुसरं मत घ्या.

सोबत काय न्यायचं: प्राथमिक शाळेची प्रगतिपुस्तकं. गुण कमी महत्त्वाचे, शेरे जास्त. 'हुशार आहे पण धांदरट', 'वर्गात फार बोलतो', 'गृहपाठ अपूर्ण' असे वर्षामागून वर्षं, वेगवेगळ्या बाईंच्या अक्षरात असतील तर तो ऐन पुरावा. लहानपण पाहिलेलं माणूस: आई, मोठी बहीण, मामा, आत्या. त्यांना 'चंचल होता का' असं विचारू नका. 'शाळेतून आल्यावर काय व्हायचं', 'दुकानात पाठवलं तर काय घेऊन यायचा' असं विचारा. आणि आजची बाजू सांगायला जोडीदार किंवा जवळचा मित्र.

कुंपण:

एक दुरुस्ती सुचवते. मूळ लेखात '१२व्या वर्षाच्या आत सुरुवात' आहे. वाचणाऱ्याला वाटेल की तेव्हाच पूर्ण सहा लक्षणं आणि नुकसान हवं. डीएसएम-५ मध्ये 'काही लक्षणं' एवढंच आहे. त्याआधीच्या आवृत्तीत वय ७ होतं आणि त्रासही तेव्हाच सुरू झालेला हवा होता, म्हणून कितीतरी जण बाहेर राहायचे. हुशार मुलं, पाठीशी आई उभी असलेली मुलं दहावी-बारावीपर्यंत निभावून नेतात. वसतिगृहात गेल्यावर, किंवा पहिली नोकरी आणि बाळ एकदम आल्यावर सगळं कोसळतं. तपासणाऱ्याने लहानपणी लक्षणं होती का आणि ती कशाने झाकली गेली हे दोन्ही विचारायला हवं.

अवधानरेखा:

बरोबर आहे कुंपण, धन्यवाद. 'काही लक्षणं' असंच वाचावं.

माळरान:

मोठ्यांत दुसरी कारणं वेगळी काढणं हा सगळ्यात मोठा भाग. कालरेषा काढली की बरंच सुटतं. एका कागदावर जन्मापासून आजपर्यंत रेघ ओढा, त्यावर शाळा, कॉलेज, नोकऱ्या, लग्न, आजार मांडा आणि खाली त्रास कधी होता कधी नव्हता ते रंगवा. एडीएचडीची पट्टी लहानपणापासून अखंड येते, ताणात गडद होते. नैराश्याला सुरुवात असते: 'तीन वर्षांपूर्वीपर्यंत ठीक होतं.' बायपोलर आजारात मनःस्थितीला उधाण येतं, काही दिवस किंवा आठवडे झोपेची गरजच वाटत नाही, मग ओसरतं. चिंतेत लक्ष उडतं, पण उडून काळजीवरच बसतं. एडीएचडीत ते पंख्याच्या आवाजापासून शेजारच्या लग्नापर्यंत कुठेही जातं.

थायरॉइड, घोरणं आणि स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), दारू, गांजा हे विचारलंच पाहिजे. चाळिशीनंतर पाळी जाण्याच्या आसपास विसरभोळेपणा पहिल्यांदाच आला असेल तर तो एडीएचडी धरू नये. लहानपणापासून असलेला तेव्हा वाढतो मात्र. आणि हे सगळं एकमेकांसोबतही असतं. चिंता सापडली म्हणून एडीएचडीचा विचार बंद करणं हीसुद्धा चूकच.

दुपारचाचहा:

'आमच्या वेळी असलं काही नव्हतं, हे मोबाइलचं खूळ' असं घरचे म्हणतात, त्यांना काय सांगायचं?

माळरान:

मोबाइलने झोप आणि लक्ष बिघडतं, हे खरं. म्हणून मोबाइल हातात यायच्या आधी काय होतं हे विचारतोच. मोबाइल आल्यावर, बारा वर्षांनंतर पहिल्यांदा सुरू झालं असेल तर एडीएचडीचा निकषच भरत नाही. आणि आधीपासून असेल, तर त्यांच्या वेळी ते होतंच, 'वांड' आणि 'वेंधळा' या नावांनी. आत्याला हे असं विचारलं की ती स्वतःच दोन-चार नावं सांगते.

थेम्सकाठी:

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींसाठी थोडं. इथे वाट जीपीकडून (आपल्या फॅमिली डॉक्टरकडून) जाते, मुलांसाठी शाळेतल्या विशेष गरजांच्या समन्वयकाकडूनही माहिती मागवतात. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या नाइस या संस्थेची २०१८ ची मार्गदर्शिका निदान तज्ज्ञानेच करावं म्हणते. मोठ्यांना बालपण पाहिलेलं माणूस मागतात आणि ते माणूस सांगलीत किंवा नाशकात असतं. आधी कळवलं तर फोनवर किंवा व्हिडिओवर बोलायची सोय होऊ शकते. आईला इंग्रजी जमत नसेल तर दुभाषा मागा, आपण स्वतः भाषांतर करू नये. आपल्याबद्दल आई काय सांगते ते आपल्याच तोंडून गेलं की पातळ होतं. प्रगतिपुस्तकातले मराठी शेरे फोटोसह टाइप करून द्या.

गोदाकाठ:

महाराष्ट्रात जायचं कुणाकडे? आणि रिपोर्ट बरोबर आहे हे ओळखायचं कसं?

अवधानरेखा:

मुलांसाठी विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ, मोठ्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मुलाखत आणि चाचण्या करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. रिपोर्टवर तो क्रमांक हवा. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि समुपदेशक यांची मदत मोलाची असते, पण एडीएचडीचं निदान त्यांनी एकट्याने द्यायचं नसतं.

खर्च झेपणारा नसेल तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र पाहा. या कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतची मुलं येतात आणि तपासायच्या आजारांच्या यादीत एडीएचडी आहे. शाळेत येणाऱ्या त्यांच्या पथकालाही सांगता येतं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार ओपीडीत मोठ्यांचंही होतं. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे. कुठे जावं हेच कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

एका बैठकीत होईल अशी अपेक्षा ठेवू नका. साधारण दोन-तीन भेटी: पहिली इतिहास आणि शारीरिक तपासणीची, मध्ये फॉर्म भरून यायचे, दुसरी मुलाखतीची आणि लागल्यास चाचण्यांची, तिसरी निष्कर्ष समजावून सांगण्याची.

रिपोर्ट हातात आला की बघा: कुठल्या पुस्तकाचे निकष वापरले, कुठली लक्षणं भरली आणि प्रत्येकाला उदाहरण दिलंय का, माहिती कोणाकोणाकडून घेतली, लक्षणं कुठल्या वयापासून, नुकसान कुठे, कुठली कारणं तपासून बाजूला ठेवली, प्रकार आणि तीव्रता (सौम्य, मध्यम, तीव्र), बरोबरीने आणखी काही सापडलं का, पुन्हा कधी पाहायचं. 'एडीएचडी, गुण ७२' एवढंच लिहिलेलं एक पान मिळालं तर तिथेच बसून विचारा की हा आकडा कुठल्या प्रश्नावलीचा आणि फॉर्म कोणी भरला. विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही.

रानवाट:

निदान 'नाही' आलं पण त्रास आहेच, तर?

स्टेथो:

मग 'नाही' सोबत 'मग काय आहे' हेही लिहून मागा. झोप, कान, अध्ययन अक्षमता, चिंता यांतलं काही सापडलं असेल तर त्यावर उपचार करून सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. पाच लक्षणं भरून थांबलेलं दुसरीतलं मूल चौथीत, अभ्यास वाढल्यावर, सहा-सात भरू शकतं. आधीचे फॉर्म, ती दोन आठवड्यांची वही आणि रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी तुलना त्याच कागदांशी करायची असते.